मासा बनावट नव्हता

अन्याय झाला तो माझ्या मामावर. मामा कुडपणचा पाथरवट. शिमग्याच्या आधीच्या शुक्रवारी, सकाळी दहाच्या सुमारास, महाडच्या डाकबंगल्याच्या व्हरांड्यात, सात-आठ माणसांदेखत त्याला लबाड ठरवलं गेलं. मी तिथे होतो.

मामा दोन वर्षं कराचीपलीकडे, मकरानच्या किनाऱ्यावर, धक्क्यासाठी दगड काढत होता. तिथे दगडाची एक मऊ, करडी चीप फोडताना आत मासा निघाला. बोटाएवढाच, पण डोळा केवढा तरी मोठा आणि पोटाखाली ठिपक्यांच्या रांगा. चीप दुभंगली तसा मासा दोन्ही भागांवर उतरलेला. एक भाग मामाने मुंबईच्या एका प्राध्यापकांकडे पाठवला, दुसरा घरी ठेवला. प्राध्यापक दौऱ्यावर महाडला आले, तेव्हा निकाल ऐकायला आम्ही डोंगर उतरून गेलो.

ते म्हणाले, हा खोल, अंधाऱ्या समुद्रातला मासा. ठिपके म्हणजे त्याचे दिवे. दिव्यांच्या मांडणीवरून जात ओळखायची. पुस्तकातल्या एकाही माशाची रांग शेपटीजवळ अशी वर वळत नाही. म्हणजे ठिपके खरे असतील तर जात नवी.

"पण हे ठिपके तू कोरलेस." त्यांनी चीप उलटी केली. मागे टाकीचे तीन घाव होते. आमच्याकडे पाथरवट फोडलेल्या दगडावर आपली खूण करतोच. मामाचा हात सवयीने गेला होता. "ही तुझीच टाकी ना?"

"खूण माजी हाय. मासा माजा नाय."

"बघूच." त्यांनी चाकू काढला. ठिपके खरवडून बघणार होते. ठिपकेच गेले की मामा खरा ठरणार कशावरून? मी ओरडलो, "हात लावू नका!"

"आपण कोण?"

"भाचा. पत्रकं छापतो."

"मग छाप की," मागून कोणी म्हणालं, "मामानं डोंगरात मासा धरला!" सगळे हसले.

"गप रे, गळा नको काढू," मामा मला म्हणाला. घोंगडीतून त्याने दुसरा भाग काढला. "साहेब, तुमच्याकडं ठिपका खड्डा हाय, माज्याकडं उंच हाय. टाकीनं दोन्हीकडं खड्डंच पडतील. जुळवा."

त्यांनी एक भाग दुसऱ्यावर ठेवला. बसेना. पुन्हा हसू. मामाने कडेची माती फुंकली, किंचित सरकवला. टक् झालं आणि फट मिटली. मग प्राध्यापकांनी भिंग घेतलं, एकेक खड्डा एकेका उंचवट्याशी ताडून पाहिला, वळलेल्या रांगेपर्यंत.

"जात नवीच," अखेर ते म्हणाले. "दोन्ही भाग इथे ठेव."

"आदी लबाड म्हनलात ते मागं घ्या. या लोकांम्होरं."

"गैरसमज झाला. विषय संपला," म्हणून ते आत गेले.

मामा आपला भाग घेऊन परतला. विषय कुठला संपतोय! पोलादपूरच्या बाजारात आजही हाक येते, "काय रे मासे कोरणाऱ्या!" बोथट झालेलं जातं टाकवून घ्यायलासुद्धा बायका आता दुसऱ्या पाथरवटाकडे जातात.

महाडकरांनो, त्या व्हरांड्यात हसणारे तुमच्यातलेच होते. प्राध्यापक गेले, तुम्ही इथेच आहात. येत्या बाजारी पोलादपूरला या, भर गर्दीत मामाशेजारी उभे राहा आणि हसलात तेवढ्याच मोठ्याने सांगा, की मासा खरा होता.