एस्तेरवहिनींचं जोंधळ्याचं गीत

एस्तेरवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. त्यांची नात रिया बोलत होती. "आजोबा, आजी इज गॉन. सकाळी, झोपेतच." मग तिने विचारलं, "फ्युनरलला आजीचं फेवरिट गाणं घ्यायचं ना, ते जोंधळ्याचं?" मी हो म्हणालो. 'फेवरिट' या शब्दापाशी तिला थांबवायला हवं होतं... थांबवलं नाही.

अंत्यविधीच्या वेळी पाळकसाहेबांनी सांगितलं, चौथ्या शतकात सिरियातल्या एका थोर स्तोत्रकाराने रचलेलं गीत आपण गाऊ या, आणि माझ्याकडे पाहून मान लववली. कारण मराठी अनुवाद माझा, असं इथे अमेरिकेत नेपरव्हिलपासून प्लेनोपर्यंतची आमची मराठी ख्रिस्ती मंडळी कित्येक वर्षं समजत आली आहेत. गीत त्या स्तोत्रकारांचं नाही आणि अनुवाद माझा नाही. शब्द आणि चाल, दोन्ही एस्तेरवहिनींची आहेत. हे त्यांच्या हयातीत सांगायला हवं होतं.

त्या माझ्या मित्राच्या, विजयच्या पत्नी. माहेर नगरकडचं. एका डिसेंबरात त्यांच्या स्वयंपाकघरात मी चहा घेत बसलो होतो आणि त्या शेंगदाण्याचं कूट करताना काहीतरी गुणगुणत होत्या. येशूच्या जन्माची बातमी मेंढपाळांच्याही आधी शेताला कळते आणि जोंधळ्याची कणसं गोठ्याकडे वाकून बघतात, असं ते गाणं होतं. कुणाचं, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "कुणाचं म्हणजे? कूट होईपर्यंतचं."

मी त्या दिवसांत या सिरियन स्तोत्रकारांच्या नादी लागलो होतो. विरोधकांच्या लोकप्रिय चाली उचलून त्यांनी त्यांत आपले शब्द भरले, बायकांना गायला शिकवून चर्चमध्ये उभं केलं, म्हातारपणी दुष्काळात आजाऱ्यांची सेवा केली, असं सांगतात. भेटेल त्याला मी हे ऐकवत असे. आमच्या गायन समितीत मात्र जुन्या गीतपुस्तकाबाहेरचं काही म्हणायचं तर ते कुणाचं, त्या माणसाचा अधिकार काय, हे आधी विचारलं जाई. वहिनींचं नाव सांगितलं असतं तर गाणं तिथेच पडलं असतं. म्हणून मी म्हणालो, प्राचीन सिरियन स्तोत्र आहे. लगेच मंजूर झालं. छापलेल्या कागदावर कुणीतरी अनुवादक म्हणून माझं नाव घातलं आणि मी ते राहू दिलं. सिरियात जोंधळा कुठून आला, असं कुणीच विचारलं नाही. उलट समितीतले एक काका खूश होऊन म्हणाले, "बघा, पवित्र भूमीतही भाकरीच खात होते."

वहिनींनी कागद वाचला आणि हसल्या. "भावजी, सोळाशे वर्षांची केलीत की मला. त्या मानाने सुरकुत्या कमीच म्हणायच्या." विजय गेल्यानंतर मात्र एकदा त्यांनी हळूच विचारलं, "सांगाल का हो एकदा लोकांना? आता कुणी नाही म्हणणार नाही." मी म्हणालो, सांगू की, या ख्रिसमसला. तो ख्रिसमस गेला, पुढचेही गेले. लोक माझी तारीफ करायचे आणि वहिनी शेजारी उभ्या राहून ऐकायच्या... पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

रिया धर्मशास्त्र शिकते. अंत्यविधीनंतर तिने त्या गीताचं मूळ शोधायला घेतलं. "आजोबा, सगळी ट्रान्सलेशन्स चेक केली. कुठेच नाहीये. सोर्स काय?" मी सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "डिड शी माइंड?" मी म्हणालो, हो, वाईट वाटलं होतं त्यांना.

मग तिनेच सांगितलं की त्या स्तोत्रकारांच्या नावावरची कितीतरी स्तोत्रं त्यांची नाहीतच. कुणाकुणाची, मोठ्या नावाखाली गेली म्हणून टिकली. तेव्हापासून मी विचार करतो आहे... एवढी शतकं टिकलेल्या त्या कीर्तीत किती एस्तेर असतील? त्यांनी गायला शिकवलेल्या बायकांपैकीच कुणी असतील का? क्षणभर वाटलं, चला, गाणं तरी टिकलं. पण त्या बायकांना आता कुणी विचारू शकत नाही. वहिनी माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत होत्या आणि त्यांनी स्वतः विचारलं होतं.

गेल्या रविवारी मी उपासनेत उभा राहून हे सांगितलं. आता गाणं म्हणतील की बंद करतील, याचीच धास्ती होती. जोंधळा ऐकून खूश झालेले काका म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही एस्तेरबाईंचं गात होतो?" मी हो म्हणालो. मग त्यांनीच सूर धरला.

शेवटच्या ओळीआधी सगळे थांबले. तिथे नेहमीच थांबतात. ती शांतता सिरियन चर्चची जुनी रीत आहे, अशी आमच्याकडे समजूत आहे. तरुण मुलं तेव्हा डोळे मिटतात. खरं तर वहिनींना दमा होता. इथल्या थंडीत त्या ओळीआधी त्यांना श्वास घ्यावा लागे आणि बाकीचे त्यांच्यासाठी थांबत. हे सांगायचं मी त्या दिवशी विसरलो होतो... तरी सगळे थांबले, एका बाईला श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ, आणि मग शेवटची ओळ म्हटली.