चार नंबरची स्की

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचे. घरात दहावीपुढे कुणी गेलेलं नव्हतं. इंजिनिअरिंगचा फॉर्म सरांनीच माझ्या हातात दिला, आणि वडिलांची समजूतही त्यांनीच काढली.

ती २०२१ची सुरुवात होती. आयर्लंडमधल्या सिटीवेस्टच्या घरात बसून मी आमच्या कंपनीच्या नव्या स्कींच्या, म्हणजे बर्फावरून घसरत जायला पायांत घालतात त्या लांब फळ्यांच्या, चाचणीचे आकडे तपासत होतो. चाचणी आल्प्सच्या बर्फावर. प्रत्येक जोडी काळ्या पट्टीनं झाकलेली, वर फक्त नंबर. एकाच उतारावरून एकेक जोडी घालून उतरायचं आणि लगेच गुण द्यायचे: वळताना पकड कशी, थरथर किती. प्रवासबंदीमुळे तिकडे एकच परीक्षक होत्या, एक आयरिश बाई.

त्या रोज चार नंबरलाच सर्वांत जास्त गुण देत. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर मात्र चार आणि दोन जवळजवळ सारख्याच होत्या. चार नंबरच्या आराखड्यात बाईंचा सल्ला घेतला होता, हे मला ठाऊक होतं. म्हणजे पट्टीखालूनही त्या ती ओळखत असणार.

साहेब फोनवर म्हणाले, "त्या बाईचे गुण धरायचे की नाही, शुक्रवारी सांग. नसतील धरायचे, तर तिचा करार संपला. ग्रँड?" इकडे 'ठीक आहे ना'ला ग्रँडच म्हणतात.

मी बाईंचे जुने व्हिडिओ काढले. स्की उचलून त्या क्षणभर तोलतात, असं मला दिसायला लागलं. बायको ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलमधली ड्युटी संपवून आली, तरी मी तेच बघत होतो.

"मागच्या आठवड्यात कुरिअरवाला चोर होता," ती म्हणाली. "आता ही बाई. अरे, तू कधी बर्फावर उभा तरी राहिलायस का?"

मी लॅपटॉप मिटला, पण संशय मिटेना. अहवालात 'गुण धरू नयेत' असं लिहायला बसलो आणि सर आठवले. प्रयोगात तराजूवर वजन झालं की ते म्हणायचे, "पारडी बदला. मग सांगा." वस्तूच जड आहे की तराजूच खोटा, ते त्यातून कळायचं.

ऑफिसनं ठरवलेल्या क्रमात चार नंबर रोज पहिली असायची. साहेबांना विचारून मी तिथल्या मदतनिसाला कळवलं, उद्या क्रम उलटा करा, बाईंना सांगू नका.

दुसऱ्या दिवशी चार नंबर शेवटी आली, उन्हानं बर्फ भुसभुशीत झाल्यावर. बाईंनी तिला सर्वांत कमी गुण दिले. सकाळच्या कडक बर्फावर पहिली आलेली दोन नंबर वर गेली. बाई लबाड नव्हत्या. गुणांत बर्फही मोजला जात होता. शुक्रवारी मी तसंच लिहिलं. करार राहिला, आणि क्रम रोज बदलायचं ठरलं.

त्या रविवारी सरांना पत्र टाकलं:

"सर, नमस्कार. तुम्ही पारडी बदलायला लावायचात, तशा मी इथे स्की बदलायला लावल्या. एका बाईंचं काम त्यामुळे वाचलं. माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही, पण आता आधी पारडी बदलून बघतो. सध्या बाजारात स्वतः जाऊ नका. बटाटे घरपोच मागवा, आणि या साथीपुरता तरी भाजीवाल्याचा तराजू तपासायचं राहू द्या."