अंधाऱ्या पेटीत घातलेला हात

भूमच्या एसटी स्टँडवर आई खिडकीखाली उभी होती. इतरांच्या आया लेकींना नीट जेव, पोचल्यावर फोन कर, असं सांगतात. माझी आई म्हणाली, "दिसत न्हाय तिथं हात घालू नको." मी नर्सिंग शिकायला सोलापूरला निघाले होते. होस्टेलच्या कपाटात असं काय असणार होतं? शेजारची बाई हसली आणि मला लाज वाटली. पण गाडी हलेपर्यंत आईची नजर माझ्या हातांवर होती. तिची भीती मी बॅगेसोबत घेऊनच निघाले.

त्यामागं काकू होती, माझी धाकटी काकू. मी शाळेत असताना ती एका संध्याकाळी गंजीतून कडब्याची पेंढी ओढायला गेली आणि खाली दडलेलं फुरसं तिच्या बोटाला डसलं. दिवेलागणीला आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत, नुसतं 'जनावर' म्हणतात. 'जनावर चावलं' एवढाच घरात ओरडा झाला, जीप आली. मी मागं तिचा हात धरून बसले होते. हात सुजत गेला, बांगड्या रुतत गेल्या. बार्शीच्या वाटेवरच ती गेली.

सोलापूरनंतर पुणे आणि पुण्यानंतर इंग्लंडमधलं हे जुनं शहर. इथं तटबंदी आहे, मोठं चर्च आहे, दगडी रस्त्यांवर टूरिस्ट आहेत. मी वॉर्डात शिफ्ट करते, पेशंट पलंगावरून पडू नये म्हणून 'रिस्क असेसमेंट' करते आणि रविवारी ज्वारीच्या पिठासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते. लेक सई इथंच जन्मली. ती बिळात, झुडपात, दगडाखाली, कुठंही हात घालते. तिच्या शाळेला मोठी सुट्टी लागते ती जुलैच्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडं ऐन जनावरं निघायच्या दिवसांत. म्हणून मी दरवर्षी आईला सांगते, रजा मिळत नाही. रजा मिळते. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांनाही अशा थापा मारायची सवय असेल.

मागच्या महिन्यात सईला इथल्या म्युझियमला नेलं. चर्चमागं एक छोटी इमारत आहे, आत प्राणी, पक्षी, अंडी, हाडं. पेंढा भरलेला कोल्हा बघून सई खूश झाली आणि पुढच्या दालनात पळाली. मी बरण्यांच्या कपाटापाशी रेंगाळले आणि तिथं मला ते दिसलं. पांढुरकं पडलेलं, वेटोळं घातलेलं, डोक्यावर बाणासारखी खूण. खाली लॅटिन नाव आणि 'इंडिया' एवढंच लिहिलेलं. फुरसं. काचेत, स्पिरिटमध्ये, कधीचं मेलेलं. तरी मी कपाटापासून मागं सरकले. आधी सई कुठंय ते बघू म्हणून मी वळले.

पुढच्या दालनात एक लाकडी पेटी होती. तिला दोन गोल भोकं, त्यांवर काळं कापड. आत हात घालायचा आणि काय आहे ते ओळखायचं, असा मुलांचा खेळ. सईचा हात कोपरापर्यंत आत होता.

मी ओरडले. वॉर्डातल्या आवाजात नाही, भूमच्या रानातल्या आवाजात. "काढ! काढ हात!" सई दचकली, तिचं कोपर पेटीवर आपटलं, ती रडायला लागली. सगळं दालन माझ्याकडं बघत होतं. तिथल्या बाईंनी पेटी उघडून दाखवली. आत पाइनचं फळ होतं. मी सॉरी म्हणत राहिले आणि लेकीला ओढत बाहेर आणलं.

बसस्टॉपवर गार वारा होता. मी म्हटलं, हातमोजे घाल. ते तिच्याच कोटाच्या खिशात होते. तिनं खिशाकडं बघितलं, हात मागं घेतला आणि म्हणाली, "मम्मी, आधी तू बघ."

मला इतकी भीती फुरशाचीही वाटली नव्हती. काकू गेली ते मी तिला कधी सांगितलंसुद्धा नव्हतं, तरी एका ओरडण्यात ते सगळं तिच्यात उतरलं होतं.

घरी आल्यावर आईला फोन लावला. रजेचं खरं सांगितलं, म्युझियमचं सांगितलं, आणि जरा रागानंच म्हटलं, तूच मला एवढं भ्यायला शिकवलंस. आई म्हणाली, "भ्यायला न्हाय शिकिवलं, बाई. गंजीवर काठी आपटायला शिकिवलं. आपटली की जनावर जातंय निघून. मंग हात घालायचाच. न्हायतर गुरं काय खातील?"

काकू गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी त्याच गंजीतून आईनं पेंढ्या काढल्या होत्या. ते मी विसरूनच गेले होते.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. सई यायला तयार नव्हती. पेटीपाशी मी आधी फळीवर जोरात थापा मारल्या. त्या बाई बघत होत्या, बघू देत म्हटलं. मग डोळे मिटून हात आत घातला. आता घर कुठलं असं कुणी विचारलं तर मला चटकन सांगता येत नाही. पण जिथं भीत भीत का होईना हात घालावाच लागतो, ते आपलं घर असणार. यंदा सुट्टीत गावी जायची तिकिटं काढायची, एवढं त्या क्षणी ठरलं.

तेवढ्यात आत काहीतरी हललं आणि माझ्या बोटांना लागलं. किंकाळी ओठांवर आली होती. डोळे उघडले तर दुसऱ्या भोकात सईचा हात होता. मी तिची बोटं घट्ट धरली.