न विचारणारी अक्का

अक्का कधी काही विचारत नसे. आमच्या लोणखेड्यात पाहुणा आला की चहा ठेवू का, जेवूनच जा ना, असं दहादा विचारतात आणि पाहुण्यानंही दहादा नको म्हणायचं असतं. अक्काकडे ही भानगड नव्हती. ती चहा पुढे ठेवून निघून जाई. प्यायला नाही तर गार झालेला कप उचलून नेई आणि थोड्या वेळानं दुसरा आणून ठेवी. चेहऱ्यावर राग नाही की आग्रह नाही.

माझी तिची ओळख उणीपुरी तीन दिवसांची. श्रीलंकेच्या डोंगरातल्या एका गावात दवाखान्यासमोर तिचं चहाचं दुकान होतं आणि मागे दोन खोल्यांचं घर. वय साठीच्या पुढचं, माझ्याएवढंच. थोरल्या बहिणीला तिकडेही अक्काच म्हणतात, म्हणून सगळा रस्ता तिला अक्का म्हणे. खरं नाव मला आजही ठाऊक नाही.

मी निवृत्त मास्तर. बायको सिंधू हिची विमानात बसायची हौस होती, म्हणून शहाद्याच्या एका टूरबरोबर आम्ही दोघं गेलो. चहाच्या मळ्यात फोटो काढले, आणि बसमध्ये चढताना ती म्हणाली, "अहो, मन्हा जीव घाबरी ऱ्हायना." तिला जवळच्या गावातल्या दवाखान्यात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथेच वारली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. बरोबरची मंडळी रडली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पुढे गेली. तिकिटं काढलेली होती, त्यांचा दोष नाही. टूरचे व्यवस्थापक कागदपत्रांसाठी कोलंबोला धावले. मुलगी सुरतेला, तिच्याकडे पासपोर्ट नव्हता. सिंधूला घरी न्यायला तीन दिवस लागणार होते. तिला तिकडे परमुलखात ठेवायचं नाही, लोणखेड्याला न्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाकी डोकं रिकामं. रडूसुद्धा येत नव्हतं.

दवाखान्याच्या पायरीवर मी मख्खासारखा बसलो होतो. एक बाई आली, आमच्या दोन्ही बॅगा उचलल्या आणि रस्ता ओलांडून चालू लागली. मला वाटलं, चोरी होतेय. तरी उठलो नाही. कोणी बॅगा नेल्या काय आणि ठेवल्या काय. थोड्या वेळानं तीच बाई परत आली, माझं मनगट धरलं आणि बॅगांच्या मागोमाग मलाही घेऊन गेली. अक्काची आणि माझी ओळख ही अशी झाली.

तिनं भात वाढला, आमटीसारखं पिवळं वरण, खोबऱ्याची चटणी आणि बाजूला सुकी मासळी. मासळी मी ताटाच्या कडेला सारली. पुन्हा ती कधी ताटात आली नाही. मी जेवायला बसलो की अक्का दाराच्या उंबऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बसे. पहिल्यांदा वाटलं, परका माणूस म्हणून टाळते आहे. नंतर उमगलं, बायको गेली त्या दिवशी भात चावणाऱ्या माणसाकडे कोणी बघू नये म्हणून ती तशी बसते. आमच्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे डबा आणतात आणि चौघं समोर बसून "दोन घास खा" म्हणतात. त्या डोळ्यांसमोर माझ्या घशाखाली काही उतरलं नसतं. अक्काच्या पाठीमागे मी जेवलो. लाज वाटत होती, पण पोटभर जेवलो.

इंग्रजीचे तिला आठ-दहा शब्द येत. "ईट." "स्लीप." आणि संध्याकाळी दुकानाची फळी लावली की माझ्याकडे वळून, "टुडे फिनिश." आजचा दिवस संपला, एवढंच. देवाची मर्जी, आत्मा अमर आहे, असलं काही नाही. फोनवरून नातेवाईक मला पुष्कळ काही समजावत होते. त्यातलं एक वाक्य आठवत नाही. अक्काचं मात्र मी अजून दिवस मावळताना मनात म्हणतो.

एकदा तिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला. त्यावर मळ्यातला फोटो होता, हिरव्या साडीतली सिंधू, उन्हानं डोळे बारीक केलेली. अक्कानं तो बराच वेळ पाहिला, फोन माझ्या खिशात ठेवला आणि भांडी घासायला गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पांढरी साडी नेसून आली. तिकडे मरणाच्या घरी पांढरं नेसतात. तिनं सिंधूची बॅग उघडली, ती हिरवी साडी काढली आणि जिथे सिंधूला ठेवलं होतं तिथे आत गेली. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. आत जायचा धीर झाला नाही. तासाभरानं ती आली, नळावर हात धुतले, माझ्याजवळ बसली. नंतर शवपेटी बंद झाली आणि गाडीत चढवली.

आता माझी गंमत ऐका. शाळेत चौतीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. सिंधू चिडवायची, "तुम्ही मंडपवालालेबी सोडतस नही." असा मी, आणि अक्का गाडीच्या खिडकीशी उभी असताना माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. हातसुद्धा जोडले गेले नाहीत. तिनं पाण्याची बाटली माझ्या मांडीवर ठेवली, "गो" म्हणाली आणि गाडी सुटली. मी मागे वळूनही पाहिलं नाही. सिंधूला घरी नेतोय याचं समाधान वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही.

मुंबईहून रुग्णवाहिकेनं लोणखेड्याला पोचलो. अंगणात पेटी उघडली. म्हसावदहून सिंधूचा भाऊ आणि वहिनी माहेरची साडी घेऊन आले होते. वहिनीनं वाकून पाहिलं आणि दचकलीच.

"अरे देवा, हाई काय नेसाडेल शे?"

साडी तीच हिरवी. पण कमरेभोवती झालरीसारखी चुण्यांची घडी काढलेली, पदर खांद्यावर पिनांनी नीट बसवलेला. अक्कानं सिंधूला तिकडे, स्वतःच्या मुलखात नेसतात तशी साडी नेसवली होती.

"सोडी टाका," शालक म्हणाला. "आपली पद्धतनी नेसाडा."

बायकांनी हात पुढे केले. मी ओरडलो, "ऱ्हावू द्या! कोनी हात लावू नका."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. इतक्या दिवसांत माझा आवाज मीही ऐकला नव्हता.

"पन दाजी, नेसाडं कोनी?" शालकानं हळूच विचारलं.

"तिनी बहीणनी," मी म्हणालो.

सिंधूला बहीण नव्हती हे त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनीनं माहेरची साडी न उलगडता सिंधूच्या अंगावर ठेवली, त्या परक्या चुण्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कितली नीट नेसाडं व माय."

तेव्हा मला रडू आलं. त्यात सिंधू होतीच, पण अक्काही होती. आणि अक्कानं साडी नेसवली होती तशीच ठेवून आम्ही सिंधूला नेलं.