नूडलचा श्रावण

हेमाताईंना धक्के बसायला लागले ते आमोद कॅनडाला गेला त्या दिवसापासून. मुलगा परदेशी जाणार हे त्यांनी कधीच पचवलं होतं. पण विमानतळावर जायला निघताना तो पठ्ठ्या आपलं पाळलेलं फेरेट आईच्या पदरात टाकून गेला. हातभर लांब, मांजराहून बारीक, डोळ्यांवर दरोडेखोरासारखी काळी पट्टी, आणि नाव काय, तर नूडल! बिबवेवाडीच्या त्या सोसायटीत शेजारच्या नम्रतानं पहिल्याच दिवशी दारातून हात जोडले.

"मुंगसाचं दर्शन शुभ असतं हं, काकू."

"मुंगूस नाही ते," हेमाताई म्हणाल्या. "आणि दर्शन आता रोज घडणार आहे. पुण्य जपून वापर."

शाळेत जन्मभर मुलांना शिस्त लावलेल्या बाईला या जनावरानं महिनाभरात सरळ केलं. त्याला ऊन सोसत नाही, म्हणून भर दुपारी कूलर त्याच्या तोंडावर आणि हेमाताई नि त्यांचे यजमान गोपाळकृष्ण घामाघूम. नखं कापायची, कान पुसायचे, शी-शूचा ट्रे दिवसातून दोनदा साफ करायचा, आणि तरी घराला एक उग्र वास यायचा तो यायचाच. त्यात हा अट्टल चोर. गोपाळकृष्णांचे मोजे गेले, रिमोट गेला, चष्म्याचं घर गेलं. बँकेत आयुष्यभर एक टाचणी इकडची तिकडे होऊ न दिलेला तो माणूस अनवाणी फिरू लागला.

पण संध्याकाळी लहर आली की नूडल पाठीची कमान करून आडव्या उड्या मारायचा, धावत जाऊन दारावर आपटायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा उड्या मारायचा. हेमाताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. आमोद गेल्यापासून त्या घरात कुणी इतकं हसलं नव्हतं.

एकदा तर नूडल मेलाच असं त्यांना वाटलं. हलवला, उचलला, हाका मारल्या, मान लुळी. हेमाताईंनी हुंदके देत त्याच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं. तेवढ्यात साहेबांनी जांभई दिली आणि तुळस थुंकली. ही जात अशीच मेल्यासारखी झोपते, हे आमोदनं मग फोनवर सांगितलं. गोपाळकृष्णांना मात्र आयुष्यभर पुरेल एवढा विषय मिळाला.

मग श्रावण लागला. आमोदनं जाताना नूडलच्या खाण्याचं मोठं पोतं दिलं होतं. "त्याचं ठरलेलं खाणं आहे, आई," इतकंच म्हणाला होता. आईला ओळखून होता लबाड. त्या दिवशी पोतं पुसताना हेमाताईंनी चष्मा लावून त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि मटकन खाली बसल्या. कोंबडी! ज्या घरात कधी अंडं शिरलं नाही, तिथे त्या इतके महिने रोज स्वतःच्या हातानं कोंबडी वाढत होत्या. पोतं तडक वॉचमनच्या कुत्र्याकडे गेलं.

"घरातला जीव आहे, घराचं पाळील," त्यांनी जाहीर केलं. नूडलला तूप लावलेली पोळी सुरू झाली, साबुदाणा सुरू झाला, सोमवारी राजगिऱ्याचा लाडू. वाटी दरवेळी चाटूनपुसून रिकामी. हेमाताई फोनवर बहिणीला अभिमानानं सांगायच्या, "माझ्या घरात आजवर कुणी उपाशी राहिलं नाही. तो मुका जीवसुद्धा श्रावण पाळतोय बघ."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी नूडल हलेना.

"झोपला असेल," गोपाळकृष्ण पेपरातून म्हणाले. "तुळशीपत्र आणू का?"

पण त्याचं अंग गार होतं आणि हिरड्या पांढऱ्याफटक. रिक्षात हेमाताई त्याला पदरात घेऊन बसल्या होत्या आणि गोपाळकृष्ण रिक्षावाल्याला घाई करत होते.

प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टर तनुजानं त्याच्या हिरड्यांना मध चोळला, सलाईन लावलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे किलकिले केले, तेव्हा तिनं विचारलं, "खायला काय देता?"

हेमाताईंनी सांगितलं.

"काकू, हा निव्वळ मांसावर जगणारा प्राणी आहे. धान्य त्याला पचतच नाही. उपाशी मरत होता हा."

"उपाशी? अहो, वाटी रोज रिकामी असायची!"

"मग ते गेलं कुठे, मला ठाऊक नाही. पोटात काही नाहीये."

ते घरी आल्यावर कळलं. गोपाळकृष्णांनी दिवाण पुढे ओढला. मागे भिंतीला लागून त्यांचे मोजे होते, रिमोट होता, आणि त्यावर पोळीचे वाळलेले तुकडे, लाडवांचा चुरा, बुरशी धरलेला साबुदाणा. श्रावण लागल्यापासूनचं सगळं. हेमाताई उभ्या जागी थिजल्या. रोज मायेनं वाढलं आणि रोज उपाशी ठेवलं. आपण?

त्यांनी पिशवी उचलली आणि चपला घातल्या.

श्रावणात चिकनचं दुकान ओस होतं. कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेल्या बाईला पाहून दुकानदारच गांगरला. "काकू, वाट चुकलात का?"

"चुकले होते," हेमाताई म्हणाल्या. "अगदी बारीक तुकडे करा."

नाकाला पदर लावून त्यांनी ते जुन्या पातेल्यात उकडलं आणि पहिला तुकडा स्वतःच्या बोटांनी नूडलपुढे धरला. त्यानं हुंगला. मग त्यानं तो खाल्ला. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला, वाटीतलं पाणी चाटलं. आणि एक तुकडा तोंडात धरून लटपटत निघाला तो थेट देव्हाऱ्याखाली शिरला.

गोपाळकृष्ण ताडकन उठले. "अगं, देवाखाली कोंबडी! भर श्रावणात!"

हेमाताईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"असू द्या हो," त्या म्हणाल्या. "पोट भरून उरलंय, म्हणून ठेवतोय."

आणि सकाळपासून आवरून धरलेलं रडू त्यांना तेव्हा फुटलं.