सव्वा, पाऊण आणि साहेबांचा आरसा

माझ्या वहिनीला कामावर सगळे 'पाऊण' म्हणायचे. उंचीच तेवढी होती. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा वरच्या फळीवरचा डबा काढायला मला हाक मारायची, आणि मी नणंद असल्याचा पुरेपूर फायदा घेऊन तिला चांगलं विनवायला लावायचे. पुढे माझं लग्न मोडलं आणि मी बॅग घेऊन याच दारात उभी राहिले, तेव्हा तिनं एका शब्दानं काही विचारलं नाही. खिडकीपाशी जागा करून माझं शिलाई मशीन तिथे सरकवलं आणि म्हणाली, उजेड बरा येतो इथे. त्यामुळे तिच्याबद्दल मी निःपक्षपातीपणे बोलेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. मी तिच्या बाजूची आहे आणि मला अजूनही राग येतो.

वहिनी एका मोठ्या खासगी इस्पितळाच्या धुलाई विभागात होती. इस्पितळ बाहेरून काचेचं, चकाचक, आणि धुलाई तळघरात. वरून पोत्यांतून चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे यायचे. कशावर रक्त, कशावर ओकारी, कशावर आणखी काय काय. ते निवडायचं, यंत्रात घालायचं, धुऊन झालं की ओला गठ्ठा बाहेर ओढून ढकलगाडीत भरायचा, वाळवायचा, आणि शेवटी तापलेल्या रुळांमधून एकेक चादर सरकवत इस्त्री करायची. ओल्या चादरींचा गठ्ठा कधी उचलून बघा. बेशुद्ध माणसाइतका जड लागतो.

म्हणून तिथे सगळं जोडीनं चालायचं. एका बाजूनं एक, दुसऱ्या बाजूनं दुसरी, आणि 'हं' म्हटलं की दोघींनी एकदम उचलायचं. म्हातारा मुकादम जोड्या लावून द्यायचा आणि मग मध्ये तोंड घालायचा नाही. वहिनीची जोडी त्यानं नेमकी तिथल्या सगळ्यात उंच बाईशी लावली. पाऊणशेजारी उभी राहिली म्हणून तिचं नाव पडलं 'सव्वा'. चादरीची घडी घालताना सव्वाला गुडघ्यात वाकावं लागायचं आणि वहिनीला चवड्यांवर उभं राहावं लागायचं, आणि बाकीच्या हसून हसून बेजार. दोघींचा डबा एक, भांडणं एक, आणि आमच्या घरात सव्वाचं नाव निघाल्याशिवाय संध्याकाळ सरायची नाही. माझा दादा म्हणायचा, मला वाटतं माझं लग्न या दोघींशी झालंय.

मग मुकादम निवृत्त झाला आणि साहेब आले.

साहेब आधी कुठल्याशा बड्या हॉटेलात होते. कपडे परीटघडीचे, आवाज मऊ, आणि प्रत्येक बाईला 'ताई'. पहिल्याच दिवशी म्हणाले, आपण एक कुटुंब आहोत. वहिनीनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी शिलाई थांबवून म्हटलं, सांभाळ बाई, कुटुंब काय करतं ते मी बघून आलेय. ती हसली. आल्या आल्या साहेबांनी जोड्या मोडल्या. एका गाडीला दोन माणसं कशाला, दोघी मिळून गप्पाच मारतात, म्हणे. आता एका बाईनं एक यंत्र, एक गाडी, एक गठ्ठा. स्वतः मात्र त्यांनी कधी ओला अभ्राही पिळून पाहिला नव्हता.

आणि दुसरं काढलं ते 'आरसा'.

रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं. प्रत्येकीनं आपल्या उजव्या हाताला उभ्या असलेल्या बाईची एक चूक सगळ्यांसमोर सांगायची. जिची सांगितली तिनं 'आभारी आहे' म्हणायचं. जी म्हणेल की मला काही चूक दिसत नाही, तिच्या स्वतःच्या चुका साहेब सांगणार, आणि ते सांगायला बसले की सावकाश सांगायचे. माणसानं माणसाला आरसा दाखवला की माणूस सुधारतो, असं त्यांचं म्हणणं. ऐकूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा म्हणाला, नवा आहे, चार दिवस मिरवेल आणि गप्प बसेल.

तो गप्प बसला नाही. एक बाई दुसरीबद्दल म्हणाली की ही सारखी बाथरूमला जाते, तर बाथरूमला जायला साहेबांना विचारावं लागू लागलं. चुगली करणारीला वाटलं होतं ही किरकोळ बाब आहे. जिची झाली तिनं दुसऱ्या दिवशी जागा बदलली, मुद्दाम हिच्या डावीकडे उभी राहिली आणि उट्टं काढलं. हळूहळू डबे वेगळे झाले. कुणी कुणाला घरची गोष्ट सांगेना, कारण आज सांगितलेली गोष्ट उद्या गोलात निघायची. वर्षानुवर्षं एकमेकींची बाळंतपणं केलेल्या बायका एकमेकींना पाण्यात पाहू लागल्या.

सव्वा-पाऊण मात्र वस्ताद. त्यांनी आपसांत ठरवून टाकलं की गोलात कायम शेजारी, सव्वानं वहिनीच्या उजव्या हाताला, उभं राहायचं आणि बिनकामाच्या चुका सांगायच्या. संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात त्याची तयारी चालायची. उद्या काय सांगू, म्हणून वहिनी विचारायची आणि आम्ही तिघं डोकं लावायचो. सव्वा जांभई देताना तोंडावर हात धरत नाही. सव्वा बेसूर गुणगुणते. दादानं एकदा सुचवलं, सांग की ती उगाच उंच आहे. वहिनीनं तेही सांगितलं आणि सव्वानं मान लववून 'आभारी आहे, उद्यापासून सुधारते' म्हटलं, आणि बऱ्याच दिवसांनी तळघरात हसू फुटलं. साहेबही हसले. साहेब हसले की मला धास्ती वाटायची.

कारण एक गोष्ट फक्त वहिनीला ठाऊक होती, आणि वहिनीमुळे आम्हाला. एकटीनं गठ्ठे ओढून ओढून सव्वाचा उजवा खांदा निकामी व्हायला आला होता. हात छातीच्या वर जात नव्हता. कपडे बदलायच्या खोलीत वहिनी तिचे केस बांधून द्यायची, डोक्यावरची टोपी नीट करायची, आणि साहेब वर गेले की आपली गाडी सोडून तिचा गठ्ठा उचलू लागायची. सव्वाचं घर तिच्या एकटीवर होतं. नवरा नव्हता, मुलगी शिकत होती. हे कुणाला कळता कामा नये, एवढंच ती वहिनीला पुन्हा पुन्हा बजावायची.

एके सकाळी साहेब गोलात आले आणि म्हणाले, आज चूक नको. आज शेजारणीबद्दल तुम्हाला काय काळजी वाटते ते सांगा. इथे बोललेलं इथेच राहील. ज्यांना त्रास आहे त्यांच्यासाठी मला काहीतरी करायचंय, कामाच्या पद्धतीत बदल करायचाय. आवाज असा लोण्यासारखा की दगडालाही वाटावं, याला आपलं दुःख सांगावं.

वहिनीनं सांगितलं. ती मूर्ख नव्हती, हे मला ठासून सांगायचंय. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्या माणसानं नेमका हवा तो प्रश्न विचारला होता. तिला वाटलं, आत्ता बोलले तर जोड्या परत येतील. ती म्हणाली, "साहेब, हिचा उजवा खांदा वर जात नाही. एकटीनं ओलं उचलून झालंय. आम्हाला पुन्हा जोडीनं उचलू द्या, दोघींचं काम दोघी पुरं करू." सव्वानं तिच्याकडे पाहिलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मग सगळ्यांनी वाजवल्या. सव्वा ठरल्याप्रमाणे म्हणाली, आभारी आहे.

त्याच आठवड्यात सव्वाला वर बोलावलं. तुमच्या प्रकृतीला हे काम झेपणारं नाही, आम्ही तुमच्या भल्याचाच विचार करतोय, वगैरे. ती म्हणाली, मला काही झालेलं नाही. त्यावर साहेब म्हणाले, असं कसं, तुमच्या जिवलग मैत्रिणीनंच सगळ्यांसमोर सांगितलं. पहारेकरी तिला डबा घ्यायला खाली घेऊन आला, जणू ती इस्पितळाच्या चादरीच चोरून नेणार होती. वहिनी रुळापाशी होती. चादर अर्धी आत गेलेली, हात सोडता येईना. सोडला तेव्हा सव्वा जिना चढून गेली होती.

दुसऱ्या सकाळी साहेबांनी गोलात वहिनीला पुष्पगुच्छ दिला. प्रामाणिकपणाबद्दल. ती तो घेऊन घरी आली, कारण वाटेत कुठे टाकावा तेही तिला सुचेना. मी तो दांड्यांसकट मोडून कचऱ्याच्या बादलीत कोंबला. गोड बोलून गळा कापणारी माणसं मी पाहिली होती, पण सुरी दुसरीच्या हातात देऊन वर तिचा सत्कार करणारा हा पहिलाच. दादा म्हणाला, जेवून घे. ती जेवली नाही. म्हणाली, "मी जोडी मागितली गं. मी फक्त जोडी मागितली होती."

मी म्हटलं, सव्वाकडे जा. ती म्हणाली, कुठल्या तोंडानं जाऊ? आधी तिचं काम परत मिळवते, मग जाते.

त्यासाठी तिनं जे केलं ते तिनं मला कितीदा तरी सांगितलंय, आणि दर वेळी माझ्या मुठी वळतात. पुढच्या सोमवारी गोल झाला. साहेबांनी वहिनीलाच सुरुवात करायला सांगितली, कारण आता ती आदर्श होती. वहिनी शेजारणीकडे वळलीच नाही. ती म्हणाली, "साहेब, खांदा एकट्या सव्वाचा गेलेला नाही. जोड्या मोडल्यापासून आमच्या सगळ्यांचे खांदे गेलेत. खोटं वाटत असेल तर विचारा. मीच विचारते. जिचा खांदा दुखत नाही तिनं हात वर करा."

तिची खात्री होती की एकही हात वर जाणार नाही. कपडे बदलायच्या खोलीत कण्हणाऱ्या सगळ्या बायका तिनं रोज ऐकल्या होत्या. मलमाचा वास त्या खोलीतून कधी जायचा नाही.

आधी एक हात वर गेला. मग दुसरा. साहेब नुसते प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होते, शांतपणे, हसऱ्या चेहऱ्यानं. बघता बघता सगळ्या गोलात हात वर झाले. कुणी कोपरातूनच वर केला, कुणी दात आवळून. कितीतरी जणींनी डावा केला, कारण उजवा गेलाच नसता.

साहेब म्हणाले, बघा, आपलं कुटुंब किती ठणठणीत आहे.

वहिनीनं टोपी काढली, जवळच्या गाडीत टाकली आणि जिना चढून बाहेर आली. भर सकाळी ती दारात दिसली तेव्हा मला वाटलं, भाजलं की काय हिला. तिनं सगळं सांगितलं. मी त्या बायकांना शिव्या घालायला सुरुवात केली, एकेकीचा उद्धार केला. वहिनीनं मला थांबवलं. म्हणाली, त्यांनाही घरं आहेत. मला हे पटलं नाही आणि अजून पटलेलं नाही, पण त्यातले कितीतरी हात डावे होते हे आठवलं की माझी जीभ अडते. मग सगळा राग जिथे जायला हवा तिथे जातो. त्या माणसाला पुढे बढती मिळाली. आता म्हणे स्वयंपाकघरात आणि वॉर्डांतही रोज सकाळी आरसा असतो.

त्या संध्याकाळी वहिनी सव्वाकडे निघाली. एकटीनं जाववेना, म्हणून मलाही सोबत घेतलं. वाटेत मी तिला धीर देत होते की तू तिच्यासाठी कामावर पाणी सोडलंस, ती गळ्यात पडेल. सव्वा दुसऱ्या मजल्यावर राहायची. दार तिनंच उघडलं. आत या म्हणाली, बसायला खुर्च्या सरकवल्या, डाव्या हातानं. उजव्या खांद्यावरून तिनं घरातही एक जाडशी ओढणी घेतली होती. मुलगी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेली.

वहिनीनं सगळं सांगितलं. पुष्पगुच्छ, सोमवार, वर झालेले हात, गाडीत टाकलेली टोपी. काहीही न वगळता, मान खाली घालून. सव्वानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. डावा हात कुणी-कुणी वर केला, तेही विचारलं, आणि नावं ऐकून किंचित हसली. मला वाटलं, जमलं.

वहिनी म्हणाली, "शिव्या दे मला. पण माझ्यावर राग धरू नकोस."

 सव्वा म्हणाली, "राग नाही गं तुझा. खरंच नाही. तू चांगल्यासाठी बोललीस, मला ठाऊक आहे." तिनं ओढणी खांद्यावर आणखी पुढे ओढून घेतली. "पण आता तू समोर आलीस की हा लपवावासा वाटतो. एवढ्या माणसांत तुझ्याचपासून कधी लपवला नव्हता. काय करू सांग."

 थोड्या वेळानं आम्ही उठलो आणि घरी आलो.