बंडूजींचे दोन रकाने

३१ मार्च २०१९. बँकेतली शिल्लक रुपये दोन लाख अकरा हजार सहाशे पन्नास फक्त.

अल्लीपूरच्या भाजी उत्पादक कंपनीचे मॅनेजर बंडूजी यांनी हा आकडा पासबुकात तीनदा मनात वाचला आणि चौथ्यांदा मोठ्याने. कंपनीचं ते पहिलंच वर्ष. बंडूजींचं शिक्षण दहावी. पण देठ पाहून वांगं आजचं की कालचं ते सांगत, म्हणून सभासदांनी त्यांना खुर्चीवर बसवलं होतं. पहाटे कंपनीच्या भाजी संकलन केंद्रावर ओल्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा वास, काट्याभोवती बायांची घाई, निळ्या प्लास्टिक कॅरेटांच्या थप्प्या. हल्ली, कारभार सोडल्यावर, वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला मुलाच्या गॅलरीत चहा पिताना बंडूजींना तो वास हमखास आठवतो. इथे भाजी पिशवीत बांधून येते, तिला वासच नसतो.

तर त्या आकड्याने त्यांना जोर आला. भाड्याच्या गाडीपायी वर्षभर पैसा गेला होता. हिंगणघाटला एक जुनी मालवाहू गाडी पाहून ठेवलेली. आधी भरायचे पावणेदोन लाख. बंडूजींनी स्वतःच्या खिशातून पाच हजार बयाणा, म्हणजे इसार दिला आणि गावभर सांगून टाकलं, की पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सभेत गाडीचा ठराव होणार.

मधले तीन दिवस त्यांना वर्ध्याला प्रशिक्षणाला जावं लागलं. हिशेबाचं शिक्षण नसलेल्या मॅनेजरांसाठी वर्ग होता. शिकवायला सरिता नावाची तिशीतली लेखापाल. तिने फळ्यावर दोन रकाने पाडले : ‘आपलं’ आणि ‘लोकांचं’. बंडूजींनी ते पट्टी घेऊन वहीत उतरवले.

“मॅडम, ब्यांकेत आहे थे आपलंच ना?”

“खातं तुमचं आहे, बंडूजी. त्यातले पैसे कोणाचे, ते पाहायचंय.”

बंडूजींनी मान डोलावली. कळलं नव्हतं, पण सगळा वर्गच डोलावत होता.

सभेच्या दिवशी सकाळी चतुराबाई आली. केंद्रातून माल घेऊन ती हिंगणघाटच्या बाजारात विकायची. माल कॅरेटमध्ये जाई आणि नेणारा प्रत्येक कॅरेटमागे दीडशे रुपये अनामत ठेवी, कॅरेट आणून दिलं की ती परत नेई. ती अनामतही बंडूजींच्या वहीत विक्रीबरोबरच जमा होई. आता ऊन तापलं होतं, वांगी-टमाटे सरत आले होते.

“बारा नेलते, अकरा आणले,” चतुराबाई म्हणाली. “एकात कोंबडी बसली आहे अंड्यावर. उठली का आणून देईन.”

“कोंबडीले खुर्ची देल्ली म्हणा.”

“लोकायनं तुमाले देल्ली, मी कोंबडीले. आता माह्ये साडेसोळाशे द्या.”

“आज? चतुराबाई, आज गाडीचा ठराव आहे. थे पैसे त्यात धरले ना.”

“काऊन धरले? मी ठेवाले देल्ले होते. तुमाले नाई देल्ले.”

बंडूजींनी पेटीतून साडेसोळाशे मोजून दिले. ती गेल्यावर त्यांनी कॅरेटचं रजिस्टर काढलं. मार्चअखेर बाहेर असलेली कॅरेट बाराशे अठ्ठावीस. गुणिले दीडशे. एक लाख चौऱ्याऐंशी हजार दोनशे. हा आकडा त्यांनी सरिताच्या ‘लोकांचं’ या रकान्यात लिहिला. ‘आपलं’मध्ये उरले सत्तावीस हजार चारशे पन्नास. त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेरची सगळी कॅरेट एकेक करून परत येणार होती आणि आणणारा प्रत्येक माणूस हात पुढे करणार होता.

दुपारी केंद्राच्या अंगणात साठेक सभासद जमले. बंडूजी उभे राहिले.

“गाडी नाई घेता येत.”

“काऊन?” टमाट्यावाला कैलास मागून म्हणाला. “कालपरेंत पळून राह्यली होती, आज पंक्चर झाली काय?”

सगळे हसले. बंडूजी हसले नाहीत. त्यांनी चतुराबाईची अकरा कॅरेट समोर मांडली, दोन्ही आकडे वाचले आणि विचारलं, “महिनाभरात लोक अनामत मांगाले येतील. तवा काय गाडीचं चाक काढून द्याचं?”

कैलासच म्हणाला, “अन् तुमचा बयाणा?”

“गेला.”

मे संपेपर्यंत हजारावर कॅरेट परत आली. एकालाही उद्या ये म्हणावं लागलं नाही, आणि पुढच्या हंगामात तेच लोक आणखी चार जणांना घेऊन आले. गाडी दोन वर्षांनी घेतली, ‘आपलं’ या रकान्यातून. पहिल्या दिवशी बंडूजी ड्रायव्हरशेजारी बसून हिंगणघाटपर्यंत उगाच गेले आणि आले.

मागच्या वर्षी त्यांनी नव्या मॅनेजर मंजुषाकडे कारभार सोपवला, तेव्हा ती पट्टीने आखलेली वहीही दिली. चतुराबाई तोवर गिरडला लेकीकडे राहायला गेली होती; कोंबडीवालं कॅरेट काही आलं नाही.

“काका, पाच वर्षं झाली. ही नोंद काढून टाकू का?” मंजुषाने विचारलं.

“राहू दे. थे आपले नाईत.”

‘लोकांचं’ या रकान्यात ती नोंद आजही आहे : चतुराबाई, कॅरेट एक, रुपये दीडशे, देणे बाकी.